वाफेवर तगलेला तेलधंदा

स्कॉटलंडच्या वेस्ट लोदियन भागात हिरव्या शेतांमधून विटकरी टेकड्या वर आलेल्या दिसतात. तेल काढून घेतलेला दगड वर्षानुवर्षे ओतून त्या उभ्या राहिल्या. दगडातल्या लोहाने हवेतला ऑक्सिजन घेतला आणि ढीग लाल झाले. स्थानिक लोक त्यांना ‘बिंग’ म्हणतात.

या धंद्याचा पाया ग्लासगोच्या जेम्स यंगने घातला. विशिष्ट प्रकारचा कोळसा मंद आचेवर तापवून तेल आणि मेण मिळवण्याचं पेटंट त्याने १८५० मध्ये घेतलं. पुढच्या वर्षी बाथगेटला कारखाना सुरू झाला. ‘पॅराफिन यंग’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन हा त्याचा कॉलेजातला मित्र. लिव्हिंगस्टनच्या निधनानंतर त्याचे सोबती सुसी आणि चुमा यांना १८७४ मध्ये इंग्लंडला आणण्याचा खर्चही यंगनेच केला.

बाथगेटचा तो कोळसा संपत आला, तशी कारखानदारांची नजर तेल धरून ठेवणाऱ्या शेल दगडाकडे वळली. पण १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेक नावाच्या माणसाच्या विहिरीला तेल लागलं होतं आणि अमेरिकेचं स्वस्त रॉकेल बाजारात उतरत होतं. नुसत्या तेलावर स्कॉटिश कारखाने टिकणं कठीणच होतं.

त्यांना वाचवलं ते खताने. १८८० च्या दशकात जॉर्ज बेल्बी आणि विल्यम यंग (हा यंग वेगळा) यांनी तेल निघून गेलेल्या तप्त दगडावर पाण्याची वाफ सोडणारी भट्टी रचली. दगडात उरलेला कार्बन आणि वाफ यांच्यातून हायड्रोजन तयार झाला, आणि अडकून पडलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर आला. त्यापासून बनलेलं अमोनियम सल्फेट शेतकऱ्यांना हवंच होतं. इतर कारखाने ज्याला कचरा म्हणतील, त्यावर इथले ताळेबंद जुळू लागले.

१९१३ मध्ये तीस लाख टनांहून अधिक शेल खणला गेला. त्याच वर्षी जर्मनीत ओप्पाऊला हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला, म्हणजे शेलच्या खताला प्रतिस्पर्धी आला. योगायोग असा, की फ्रीडरिख बर्गियुसने कोळशावर दाबाखाली हायड्रोजन सोडून तेल करण्याचं पेटंट घेतलं तेही १९१३ मध्येच.

पुढे शेलवरही हायड्रोजन वापरून पाहण्यात आला. शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ गॅस टेक्नॉलॉजीने पूर्व अमेरिकेतल्या शेलवर असे प्रयोग केले. तिथे ध्यानात आलं, की दगड नुसता बघ्या राहत नाही. त्यातला पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, आपलं निम्म्याच्या आसपास गंधक सोडून पिरोटाइट हे कमी गंधकाचं खनिज बनतो. बाहेर पडलेल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो. मात्र हाच पिरोटाइट तेल घडण्याच्या क्रियेला थोडा हातभारही लावतो. कार्बोनेट खनिजांचं वागणं खर्चिक. तापल्यावर ती कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याची हायड्रोजनशी क्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी बनतं, आणि महागडा हायड्रोजन तेलाऐवजी पाण्यात जातो. भरपाई म्हणून त्यांतला चुना थोडं गंधक शोषून घेतो, एवढंच.

स्कॉटलंडचा धंदा मात्र शेवटपर्यंत वाफेवरच चालला. सरकारी करसवलतीच्या आधाराने तो रेटला गेला आणि १९६२ मध्ये बंद पडला. बिंगमधला बराच दगड पुढे महामार्गांच्या भरावात गेला. वेस्ट काल्डरजवळच्या ‘फाइव्ह सिस्टर्स’ या बिंगना मात्र आता संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे.