काशीबाई कानिटकरांचें बालपण

इंग्रज कादंबरीकर्त्री जेन ऑस्टिन १७७५ सालीं धर्मोपदेशकाच्या घरीं जन्मली. वडिलांचा ग्रंथसंग्रह तिला मोकळा होता. मराठींतील आद्य कादंबरीलेखिकांपैकीं काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचें नशीब निराळें. सांगलीकडील अष्टें गांवीं बापटांच्या सुखवस्तु घरीं त्या जन्मल्या. परंतु मुलीस शिकविण्याची रीत तेथें नव्हती. नवव्या वर्षीं गोविंदरावांशीं विवाह झाला. पतीस सुशिक्षित सहचारिणी हवी, म्हणून वाचन साधलें तें सासरीं, वडीलधाऱ्यांचा रोष सोसून. त्यांतूनच पुढें ‘रंगराव’ ही कादंबरी आली. आम्हांस येथें कौतुकाहून खेद अधिक वाटतो. पतीची आवड निराळी असती, तर ही लेखणी उठलीच नसती. आमच्या महाड-पोलादपुराकडील माजघरांतून अशा किती बुद्धि अबोल राहिल्या असतील!