बोस्टनचा बर्फ ते निळा बर्फ : शीतकरण उद्योगाचे संघटन आणि नियमन

चेन्नईतील अड्यारहून सांथोममार्गे मरीना किनाऱ्याने उत्तरेकडे गेलात, तर गोलाकार दर्शनी भागाची एक जुनी इमारत लागते. तिचे आजचे नाव 'विवेकानंद इल्लम'. परंतु त्या परिसराला लोक अजूनही 'आइस हाउस' म्हणतात. या उष्ण शहरात बर्फाचे कोठार कोणी आणि का बांधले? या प्रश्नापासून सुरुवात करून, शीतकरण उद्योगावर नियंत्रण कोणाचे आणि कोणत्या साधनाने, हे आपण पाहू.

१. सवलतीचा काळ

बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने पाठवीत असे. १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याकडे निघाला. सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांपैकी जवळजवळ १०० टन पोहोचला. कंपनी सरकारने त्यावरील जकात माफ केली आणि रात्री माल उतरविण्याची परवानगी दिली. पुढच्याच वर्षी मुंबईतही बर्फ आला. मद्रासचे कोठार १८४२ मधले. तेव्हा मद्रासला बंदर नव्हते. जहाज खोल पाण्यात उभे राही आणि माल मसुला होड्यांतून लाटा ओलांडून किनाऱ्यावर येई.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. राज्यसत्तेने या व्यापाराला अटी घातल्या नाहीत, सवलती दिल्या. कारण ग्राहक मुख्यतः गोरे अधिकारी आणि शहरांतील धनिक होते.

२. यंत्राने मोडलेली मक्तेदारी

ही मक्तेदारी कायद्याने मोडली नाही. १८७४ मध्ये मद्रासमध्ये 'इंटरनॅशनल आइस कंपनी' वाफेच्या यंत्राच्या साहाय्याने बर्फ तयार करू लागली. १८७८ मध्ये बंगालमध्येही तसाच कारखाना निघाला. स्थानिक बर्फापुढे सातासमुद्रापलीकडचा बर्फ टिकला नाही. मद्रासचे कोठार पुढे वकील बिळिगिरी अय्यंगार यांनी घेतले आणि १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले.

३. कायद्याचा काळ

विसाव्या शतकात थंडावा चैनीपुरता उरला नाही. मासळी, दूध, बटाटे, औषधे यांची साठवण त्यावर अवलंबून राहू लागली. १९४३ मध्ये 'ब्लू स्टार' आणि १९५४ मध्ये 'व्होल्टास' या कंपन्या मुंबईत उभ्या राहिल्या. आज या उद्योगाचे नियमन कोणत्याही एका खात्याकडे नाही. त्याचे तीन मुख्य धागे असे :

• अन्न : बर्फ खाण्याचा की केवळ माल थंड ठेवण्याचा, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फाला निळा रंग देणे बंधनकारक केले. रसवंतीतल्या ग्लासात पडणारा बर्फ कोणता, हे त्यामुळे गिऱ्हाइकाला ओळखता यावे, हा हेतू.

• वीज : ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखालील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो वातानुकूलन यंत्रांवर तारांकन ठरवतो. २०२० पासून खोलीच्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवावे लागते.

• वातावरण : १९८७ च्या माँट्रियल करारात भारत १९९२ मध्ये सामील झाला. ओझोनला घातक वायूंविषयीचे नियम २००० मध्ये आले. २०२१ मध्ये भारताने किगाली दुरुस्तीही मान्य केली.

समारोप

प्रत्येक धागा वेगळ्या गोष्टीचे रक्षण करतो : ग्राहकाचे आरोग्य, देशाची वीज, पृथ्वीचे वातावरण. कारखान्यावर नियम लावणे तुलनेने सोपे असते. गल्लीतला दुरुस्ती करणारा कारागीर मात्र जुना वायू हवेत सोडतो की बाटलीत भरून घेतो, हे तपासायला तिथे निरीक्षक नसतो. त्याला प्रशिक्षण आणि साधने मिळाली नाहीत, तर करार कागदावरच राहतो. भारताच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात अशा तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाला स्थान मिळाले, ते याचसाठी.

ट्यूडरच्या काळी थंडावा कोणाला मिळतो, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आज तो विचारावाच लागतो. कारण उन्हाळा सगळ्यांचा असला, तरी यंत्र सगळ्यांकडे नाही.

स्वाध्याय : तुमच्या गावातील एका बर्फ कारखान्याला किंवा शीतगृहाला भेट द्या. त्याला कोणकोणते परवाने लागतात आणि प्रत्येक परवाना कोणाचे रक्षण करतो, ते लिहा.