व्यसन सिद्ध, कारण असिद्ध

नागपूरचे मनोरुग्णालय 1864 सालचे. ब्रिटिश काळात मध्य प्रांतात वेड्यांची इस्पितळे दोनच होती; एक हे, दुसरे जबलपूरचे. अशा इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाच्या कारणांचा तक्ता असे आणि त्यात गांजा ठळकपणे दिसे. गांजा ओढला की वेड लागते, या सरकारी समजुतीला मुख्य आधार होता तो याच आकड्यांचा.

2 मार्च 1893 रोजी विल्यम केन यांनी ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधल्या गांजाचा प्रश्न उपस्थित केला. चौकशीची व्याप्ती मग साऱ्या हिंदुस्थानापर्यंत वाढली आणि जुलैमध्ये ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग यांच्यासह सभासद सात, त्यांत तिघे हिंदी. सभासदांपैकी ए. एच. एल. फ्रेझर हे मध्य प्रांतातले कमिशनर होते, म्हणजे निमाडात खंडव्याकडे परवान्याने पिकणारा गांजा त्यांच्याच प्रांतातला. कमिशनने 1193 साक्षी नोंदवल्या. 1894 मध्ये अहवालाचे खंड छापून झाले.

त्यातला वेडाविषयीचा भाग आजही बारकाईने वाचण्यासारखा आहे. 1892 या एका वर्षात देशभरच्या इस्पितळांत 1344 रुग्ण दाखल झाले. पैकी 222 जणांच्या नावापुढे गांजा, भांग किंवा चरस हे कारण होते. कमिशनने तो आकडा तसाच उचलला नाही. एकेका रुग्णाचे कागद मागवले, शक्य तिथे त्याच्या गावी चौकशी करवली. तेव्हा उलगडले ते असे: रुग्णाला बहुधा पोलीस धरून आणत, मॅजिस्ट्रेट पाठवून देई आणि सोबतच्या कागदावर कारण आधीच भरलेले असे. अधीक्षक तेच आपल्या वहीत उतरवून घेई. रुग्ण गांजा ओढत होता एवढे समजले की तेच कारण लिहायचा प्रघात होता, असे एका अधीक्षकानेच साक्षीत सांगितले. फेरतपासणीत 222 पैकी 98 प्रकरणेच टिकली. त्यांतही 37 मध्ये इतर कारणे मिसळलेली होती. निव्वळ गांजाभांगेकडे बोट दाखवता येईल अशी उरली 61.

बेताचे सेवन सहसा अपाय करत नाही, अतिसेवन करते. म्हणून बंदी नको, कर आणि परवाने हवेत, असा बहुमताचा निष्कर्ष होता. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनी मात्र भिन्नमत नोंदवले.

हा अहवाल आज निर्धास्तपणाचा दाखला म्हणून पुढे केला जातो. पण त्याच्या समोर होती ती वनस्पती. प्रयोगशाळेत बनणारी कॅनाबिनॉइड्स, म्हणजे ‘स्पाइस’ किंवा ‘के-टू’ नावाने विकली गेलेली रसायने, वेगळीच. गांजातले टीएचसी मेंदूतल्या सीबी-1 ग्राहींना अंशतःच चेतवते. यांतली बरीच रसायने पूर्ण ताकदीने चेतवतात. शिवाय ती वाळक्या पाल्यावर फवारलेली असल्याने एका पुडीतही कुठे कमी, कुठे जास्त. परिणाम म्हणून धडधड, उलट्या, झटके, भ्रम, कधी मूत्रपिंड निकामी होणे, तर कधी मृत्यू. 12 जुलै 2016 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 33 जण एकाच वेळी बधिर होऊन रस्त्यावर डोलू लागले. 18 जणांना रुग्णालयात नेले. आठ जणांच्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा एएमबी-फुबिनाका या रसायनाचा चयापचयित अंश सापडला. पुडीतही तेच निघाले, म्हणून तिथे कारण सिद्ध झाले.

असाच एखादा तरुण नागपुरात कळमन्याच्या बाजारातून मेयो रुग्णालयात आणला गेला, असे समजू. लघवीची नेहमीची झटपट चाचणी गांजा दाखवते, ही रसायने नाही. नियमित ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश काही आठवडेही राहतो. चाचणी सकारात्मक आली तर केसपेपरवर ‘गांजा’ लिहिले जाईल आणि झटके आणणारे रसायन नोंदीबाहेर राहील. नकारात्मक आली तर नशेचा संशयच फिटेल. 1892 मध्ये गांजाच्या खात्यावर भलते वेड मांडले गेले, आता भलते विष मांडले जाण्याचा धोका आहे. दोन्हीकडे चूक एकच: व्यसन सिद्ध झाले की कारण सिद्ध झाले, असे मानणे.

कमिशनने 124 प्रकरणे खोडली ती कागदाच्या मागे जाऊन. आज त्यासाठी उरलेली पुडी सीलबंद ठेवणे, रक्त-लघवीचा नमुना पुढच्या तपासणीला धाडणे आणि अहवाल येईपर्यंत ‘कारण अनिश्चित’ एवढेच लिहिणे लागते.