ग्रेनाडाचे धावपटू (ऑलिंपिक क्रीडास्पर्धा)

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा या द्वीपराष्ट्राने २०२४ अखेर मिळवलेली पाचही ऑलिंपिक पदके (एक सुवर्ण, एक रौप्य, तीन कांस्य) ॲथलेटिक्समधील असून, त्यांपैकी धावण्याच्या शर्यतींतील तिन्ही पदके एकाच अंतराची, म्हणजे ४०० मीटरची, आणि एकाच धावपटूची, किरानी जेम्स याची, आहेत. जेमतेम ३४४ चौ. किमी. क्षेत्रफळाचा आणि लाखाहून थोड्या अधिक वस्तीचा हा देश जायफळाच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असून त्याच्या राष्ट्रध्वजावरही जायफळाचे फळ आहे. १९७४ मध्ये स्वतंत्र झालेल्या ग्रेनाडाने १९८४ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रथम भाग घेतला. अमेरिकेच्या नेतृत्वाखालील सैन्य ऑक्टोबर १९८३ मध्ये बेटावर उतरले होते, त्यास तेव्हा वर्षही लोटले नव्हते.

अशा लहान देशांचे पथक मोजक्या खेळाडूंचे असते. ज्यांचा एकही खेळाडू पात्रता निकष पूर्ण करत नाही, त्या देशांनाही स्पर्धेत प्रतिनिधित्व मिळावे म्हणून काही जागा दिल्या जातात व त्यांना सार्वत्रिकता प्रवेश म्हणतात. मात्र या वाटेने आलेला धावपटू बहुधा प्राथमिक फेरीतच बाद होतो. रिले शर्यतीसाठी एका तोडीचे चार धावपटू लागत असल्याने एखादा असामान्य खेळाडू लाभलेल्या लहान देशाचा भर वैयक्तिक शर्यतींवरच राहतो. ग्रेनाडातील धावपटूंची जडणघडण आंतरशालेय मैदानी स्पर्धांतून होते. पुढे १९७२ पासून भरणारी ‘कॅरिफ्टा’ ही कॅरिबियन देशांची कनिष्ठ गटाची स्पर्धा आणि त्यानंतर अमेरिकी विद्यापीठाची क्रीडाशिष्यवृत्ती, असा तेथील अनेकांचा मार्ग ठरून गेलेला आहे.

४०० मीटर शर्यत मैदानाच्या एका पूर्ण फेरीची असते आणि धावपटूला ती अखेरपर्यंत आपल्याच मार्गिकेत राहून पूर्ण करावी लागते. इतके अंतर पूर्ण वेगाने कापणे शक्य नसल्याने, वेग आणि दम यांचा हिशेब शेवटच्या शंभर मीटरमध्ये चुकता करावा लागतो. या शर्यतीत जेम्सपूर्वी ॲलेन फ्रान्सिक याने ग्रेनाडाचे नाव पुढे आणले होते. तो २००४ व २००६ मध्ये बंदिस्त मैदानातील जागतिक स्पर्धेचा विजेता होता. मात्र २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर थांबावे लागले.

जेम्स (जन्म १ सप्टेंबर १९९२) हा ग्वाव्ह या कोळीवस्तीच्या गावचा. अलाबामा विद्यापीठात शिकत असताना त्याने २०११ मध्ये दक्षिण कोरियातील देगू येथे, एकोणीस वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस असताना, ४४.६० सेकंदांत जागतिक विजेतेपद मिळवले. अमेरिकेचा लशॉन मेरिट अवघ्या ०.०३ सेकंदाने मागे राहिला. ६ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन येथे ४३.९४ सेकंदांची वेळ नोंदवून त्याने देशाचे पहिलेच ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, जिंकले. ४४ सेकंदांच्या आत धावलेला तो पहिला अमेरिकेतर धावपटू होय. त्याआधीच्या उपांत्य फेरीत कृत्रिम पायांवर धावलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसशी त्याने छातीवरील नावाच्या पट्टीची अदलाबदल केली, हा प्रसंग अंतिम शर्यतीइतकाच लोकांच्या स्मरणात राहिला. विजयानंतर ग्रेनाडा सरकारने अर्ध्या दिवसाची सुटी जाहीर केली.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने ४३.७६ सेकंद अशी लंडनपेक्षा सरस वेळ दिली, परंतु दक्षिण आफ्रिकेच्या वेड व्हॅन निकर्कने ४३.०३ सेकंदांचा जागतिक विक्रम केल्यामुळे त्याच्या वाट्याला रौप्य आले. पुढे थायरॉइड ग्रंथीच्या ग्रेव्हज विकाराने त्याला ग्रासले. त्यातून सावरून त्याने २०२१ मध्ये झालेल्या टोकिओ ऑलिंपिकमध्ये ४४.१९ सेकंदांत कांस्यपदक पटकावले. लोकसंख्येच्या प्रमाणात पदके मोजणाऱ्या कोष्टकांत ग्रेनाडा अशा पदकांमुळे फार वर दिसतो. परंतु मोजक्या व्यक्तींच्या कर्तृत्वावर उभ्या असलेल्या अशा आकड्यांवरून देशातील क्रीडाव्यवस्थेचे बळ जोखणे योग्य नव्हे.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ग्रेनाडाची दोन्ही कांस्यपदके धावण्याच्या शर्यतींबाहेरची होती : भालाफेकीत भारताच्या नीरज चोप्राचा जुना प्रतिस्पर्धी अँडरसन पीटर्स याचे, तर डेकॅथलॉन या दहा प्रकारांच्या स्पर्धेत लिंडन व्हिक्टर याचे. ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत जेम्स ४३.८७ सेकंदांत, म्हणजे लंडनमधील सुवर्णपदकाच्या वेळेपेक्षाही लवकर, धावला आणि पाचवा आला.