हायकौ : समुद्राच्या मुखावरचे नगर

नाशिक शहरातून पूर्वेकडे एक सरळ रेषा काढली आणि ती बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश व तोंकिनचे आखात ओलांडून पुढे नेली, तर ती जवळजवळ त्याच अक्षांशावर वसलेल्या एका चिनी नगरात जाऊन पोहोचते. त्या नगराचे नाव हायकौ. चीन म्हटला की गोबीची वाळू, उत्तरेचा हिवाळा आणि बर्फाखालची लांब भिंत डोळ्यांसमोर उभी राहते. हायकौमध्ये मात्र नारळीची झाडे आहेत, जानेवारीतही ऊबदार वारा आहे आणि भाद्रपद-आश्विनात समुद्रावरून येणारी भयंकर वादळे आहेत. हायनान या बेटाच्या उत्तर टोकाला हे नगर उभे आहे. ‘हायनान’ म्हणजे समुद्राच्या दक्षिणेस आणि ‘हायकौ’ म्हणजे समुद्राचे मुख. या दोन नावांतच त्या नगराचे भूगोलशास्त्र आणि बरेचसे दैवही साठवलेले आहे.

हायनान बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे केरळपेक्षा थोडे कमी आणि गोव्याच्या नऊपट. मध्यभागी डोंगरांचा पुंजका आहे आणि त्यांतील वूचृ पर्वताचे शिखर १,८०० मीटरांहून उंच आहे. या डोंगराळ भागातून निघून नानदू ही बेटावरील सर्वांत लांब नदी ईशान्येकडे वाहत येते आणि हायकौजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी गाळाची छोटी बेटे तयार झाली आहेत. जुने बंदर या बेटांच्या आडोशाला वाढले. शहराच्या नैर्ऋत्येस शांत झालेल्या ज्वालामुखींचे सुळके आहेत. तेथील खेड्यांतील घरे, कुंपणे आणि पाणवठे काळ्या, सच्छिद्र अग्निजन्य दगडांचे आहेत. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना ती खेडी फारशी परकी वाटणार नाहीत.

नगराच्या उत्तरेस मात्र जमीन संपते. बेट आणि चीनची मुख्य भूमी यांच्यामध्ये सुमारे ३० किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे. चांगल्या हवेत जहाज ती दीड-दोन तासांत ओलांडते. पण दोन हजार वर्षे या अरुंद पाण्याने हायकौच्या इतिहासाचे वळण ठरविले आहे. राज्यकर्त्यांनी कधी तिला सीमा मानले, कधी तटबंदी, तर कधी दरवाजा.

प्रारंभी ती सीमाच होती. इसवी सनापूर्वी ११० च्या सुमारास हान सम्राट वू याने बेटावर दोन जिल्हे स्थापन केले. त्यांपैकी एकाचे नाव ‘चूयाय’, म्हणजे मोत्यांचा कडा. त्याचे ठाणे आजच्या हायकौच्या परिसरात होते असे मानतात. परंतु बेटावर आधीपासून राहणाऱ्या ली लोकांना हे राज्य मानवले नाही. बंडामागून बंडे झाली. अखेर राखण्याचा खर्च लाभापेक्षा मोठा आहे, असा विचार दरबारात झाला आणि इ. स. पूर्व ४६ मध्ये हा जिल्हा सोडून देण्यात आला. एका बलाढ्य साम्राज्याने आपणहून मागे घेतलेले हे पाऊल होते. ली लोक पुढे हळूहळू डोंगरांत सरकले. त्यांच्या स्त्रियांची कताई, रंगाई, विणाई आणि भरतकाम यांची कला मात्र टिकली आणि २००९ साली युनेस्कोने तिची नोंद घेतली.

नंतरच्या राजवटी परत आल्या, तेव्हा त्यांना या बेटाचा एक नवा उपयोग सापडला. जो मंत्री डोईजड झाला, ज्याने नको तो सल्ला दिला, त्याला समुद्रापलीकडे पाठवावयाचे. राजधानीपासून हजारो मैल दूर, हिवतापाच्या प्रदेशात. मृत्युदंडाच्या खालोखालची ही शिक्षा समजली जाई. थांग राजवटीचा माजी महामंत्री ली द-यू असाच येथे आला आणि इ. स. ८५० मध्ये येथेच मरण पावला. कवी सू शी १०९७ साली आला. साठी ओलांडलेल्या त्या माणसाने परत जाण्याची आशा सोडली होती. बेटाच्या पश्चिमेकडील दानचौ येथे त्याने तीन वर्षे काढली, मुलांना शिकविले, स्थानिक लोकांशी मैत्री केली. ११०० साली त्याला क्षमा मिळाली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. हायकौच्या जुन्या भागात एक झरा आहे. सू शीने जागा दाखविली आणि लोकांनी खणले, अशी त्याची आख्यायिका तेथील लोक अजून सांगतात.

बाराव्या शतकात उत्तर चीन जुर्चेन लोकांनी जिंकून घेतला, तेव्हा दक्षिणेतील सोंग दरबारात तह करावा की लढावे, असा वाद पेटला. तहाचा पुरस्कर्ता महामंत्री छिन ह्वै याने विरोधकांना दूर धाडले. हू छ्वान याने ११३८ साली छिन ह्वैचा शिरच्छेद करावा, अशी उघड मागणी केली होती. चाओ दिंग हा स्वतः महामंत्रिपदी राहून गेलेला. दोघेही अखेर हायनानला पोहोचले. आपल्यामुळे घरच्यांवर संकट येऊ नये, म्हणून चाओ दिंगने ११४७ मध्ये अन्नत्याग करून प्राण सोडला. हू छ्वान मात्र टिकून राहिला आणि छिन ह्वैच्या मृत्यूनंतर परतला.

याच नगरात १८८९ साली एक स्मारकमंदिर उभारले गेले. त्याला ‘पंचश्रेष्ठींचे मंदिर’ म्हणतात. ली द-यू, ली गांग, ली ग्वांग, चाओ दिंग आणि हू छ्वान हे ते पाच जण. पाचही जण शासनाने शिक्षा म्हणून पाठविलेले अधिकारी.  ज्यांना दरबाराने विसरून जाण्यासाठी धाडले, त्यांनाच नगराने आठवणीत ठेवले.

अशा भूमीत जन्मलेला एक माणूस त्या परंपरेला साजेसा निघाला, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. हाय रुई याचा जन्म १५१४ साली आजच्या हायकौतील छ्युंगशान भागात झाला. वडील लवकर वारले आणि आईने कडक शिस्तीत वाढविले. अधिकारपदावर असता तो लाच घेत नसे आणि दुसऱ्याला घेऊ देत नसे. त्या काळी मिंग सम्राट ज्याजिंग हा अमरत्वाच्या औषधांत व धर्मविधींत गुंतून अनेक वर्षे दरबारात फिरकलाच नव्हता. १५६६ साली हाय रुईने थेट सम्राटाला त्याच्या कर्तव्यच्युतीचा पाढा वाचणारे पत्र लिहिले. ते सादर करण्यापूर्वी त्याने स्वतःसाठी शवपेटी विकत घेतली आणि घरच्यांचा निरोप घेतला. सम्राटाने त्याला तुरुंगात टाकले. पण पुढल्या वर्षाच्या आरंभी सम्राटच मरण पावला आणि हाय रुई सुटला. १५८७ साली तो वारला तेव्हा अंत्यविधीपुरतेही द्रव्य त्याच्या घरात नव्हते, असे सांगतात. त्याची समाधी हायकौमध्ये आहे.

चारशे वर्षांनंतर त्या समाधीलाही शिक्षा झाली. इतिहासकार वू हान याने हाय रुईवर लिहिलेले नाटक १९६१ साली रंगभूमीवर आले. नोव्हेंबर १९६५ मध्ये त्यावर कठोर टीका छापून आली. जुन्या सम्राटाच्या आडून आजच्या सत्तेला दूषण दिले, असा आरोप झाला. सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी तेथे पडली. १९६६ साली समाधी उद्ध्वस्त करण्यात आली, तर वू हान १९६९ मध्ये तुरुंगात मेला. १९८० च्या दशकात समाधी पुन्हा बांधली गेली.

निसर्गानेही या नगराची कसोटी पाहिली आहे. १६०५ च्या जुलैमध्ये मोठा भूकंप झाला आणि शहराच्या पूर्वेकडील किनारपट्टी खचून समुद्रात गेली. बहात्तर खेडी बुडाली, असे परंपरा सांगते. ओहोटीच्या वेळी बुडालेल्या वस्तीचे दगड अजून दिसतात. जमीन गेली तेथे दोंगचाय खाडी झाली आणि खाडीत खारफुटीचे दाट वन वाढले. १९८० साली ते संरक्षित करण्यात आले. आज ते वन वादळाच्या लाटा अडविते. संहाराच्याच जागी संरक्षक उभा राहिला.

सामुद्रधुनीचा दरवाजा उघडला तो व्यापाराने. १८५८ च्या त्येनत्सिन तहात छ्युंगचौ हे खुले बंदर ठरले आणि १८७६ साली हायकौत सीमाशुल्क कचेरी सुरू झाली. येथून हजारो गरीब माणसे सिंगापूर, मलाया आणि सयामकडे पोट भरावयास गेली. ज्यांना यश आले, त्यांनी मायदेशी पैसा पाठविला आणि नदीकाठी दुकानांच्या रांगा बांधल्या. चौदाव्या शतकाच्या अखेरीस समुद्री चाच्यांविरुद्ध बांधलेली तटबंदी १९२४ च्या सुमारास पाडून रस्ते रुंद करण्यात आले. तेथील इमारतींचा वरचा मजला खांबांवर पुढे आलेला असतो आणि खाली पादचाऱ्यांना सावली मिळते. मुंबईच्या फोर्ट भागातील कमानींखालचे पदपथ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या रचनेचे मर्म चटकन कळेल. ऊन आणि पाऊस जेथे तितकेच प्रखर असतात, तेथे माणूस अशीच घरे बांधतो.

दरवाजातून शत्रूही आत येतो. १० फेब्रुवारी १९३९ रोजी जपानी सैन्य उतरले आणि त्याच दिवशी हायकौ पडले. सहा वर्षे ते राज्य राहिले. पुढे २३ एप्रिल १९५० रोजी, लाकडी शिडांच्या होड्यांतून सामुद्रधुनी ओलांडून आलेल्या साम्यवादी सैन्याने शहर घेतले. १९८८ मध्ये हायनान क्वांगतुंगपासून वेगळा होऊन स्वतंत्र प्रांत झाला आणि हायकौ त्याची राजधानी. जमिनीच्या किमती गगनाला भिडल्या. १९९३ मध्ये तो फुगा फुटला आणि अर्धवट इमारतींचे सांगाडे अनेक वर्षे उभे राहिले. मात्र शहर वाढतच गेले. २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या २८ लाखांहून अधिक भरली. २००३ पासून आगगाडीचे डबेच बोटीवर चढवून पैलतीरी नेले जातात. तरीही २०१८ च्या फेब्रुवारीत नववर्षाच्या सुटीनंतर दाट धुके पडले, तेव्हा हजारो मोटारी हायकौच्या बंदरात अडकून पडल्या. समुद्राने आपला अधिकार सोडलेला नाही.

१८ डिसेंबर २०२५ पासून संपूर्ण बेट वेगळ्या सीमाशुल्क व्यवस्थेखाली आले. परदेशांशी व्यापार अधिक मोकळा आणि तपासणीची रेषा बेट व मुख्य भूमी यांच्यामध्ये, अशी ही योजना. म्हणजे ज्या पाण्यापलीकडे राजे नकोशी माणसे पाठवीत, त्याच पाण्यावर पुन्हा एक रेषा आखली गेली, या वेळी मालासाठी. या रेषेने हायकौला किती संपत्ती मिळेल, हे काळ सांगेल. पण नगराची खरी मिरास बंदरातील पेट्यांत मोजता येण्यासारखी नाही. तिचे मोल राजांना नको असलेले सत्य बोलणाऱ्या त्या माणसांत आहे आणि त्यांची आठवण राखणाऱ्या नगरवासीयांत आहे.