डबक्यातील सूक्ष्मजीवांची बरणी

तळे, डबके किंवा भाताचे खाचर यांतील पाणी थोड्या गाळासह काचेच्या बरणीत ठेवून त्यातील सूक्ष्मजीवांचे अनेक दिवस निरीक्षण करण्याची घरगुती पद्धत. मासे पाळण्याच्या टाकीसारखा पंप वा दिवा लागत नाही. लोणच्याची रुंद तोंडाची बरणी पुरते.

पाणी तळ्याच्या मधून घेतले तर हाती फारसे लागत नाही. जीव दाटतात ते काठाशी, बुडालेल्या पानाकाड्यांवरच्या बुळबुळीत थरात आणि गाळाच्या वरच्या साईत. हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीची डहाळी सोडल्यास ऑक्सिजन मिळतो. बरणी उजेडात ठेवावी, उन्हात नव्हे. आटलेले पाणी पावसाच्या पाण्याने भरून काढावे. नळाचे वापरायचे तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते दिवसभर उघडे ठेवावे. तोंडाला मलमलीचे फडके बांधणे मात्र सक्तीचे समजावे, नाहीतर आठवड्या-दीड आठवड्यात बरणीतून डास निघू लागतात.

पाण्यात वाळलेले गवत घातले, की बरणीत जीवांची पाळी लागते. आधी जीवाणू वाढून पाणी गढुळते. त्यांच्यावर जगणारे बारीक कशाभधारी जीव मागोमाग येतात, मग कोल्पोडा, मग पॅरामिशियम, आणि पुढे त्यांना खाणारे. पाणी वास मारू लागले म्हणून पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी ओतून देतात. पॅरामिशियमची गर्दी बहुधा त्यानंतर होते. हा जीव सुमारे 0.2 मिमी. लांबीचा असतो. काळ्या कागदापुढे बरणी धरली, तर तीक्ष्ण नजरेला त्याचे पांढुरके ठिपके हलताना दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो इतका पळतो, की थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकून त्याची वाट अडवावी लागते. दोऱ्याने काचपट्टी बरणीत चारपाच दिवस टांगून ठेवली, तर व्हॉर्टिसेला, डायटम असे चिकटून राहणारे जीव तिच्यावर आपणहून वस्तीला येतात.

डॅफ्निया, सायक्लॉप्स आणि हायड्रा यांना साधे भिंगही चालते. डॅफ्नियाच्या पारदर्शक पाठीतून धडधडणारे हृदय दिसते. सायक्लॉप्स हा नारू रोगाच्या कृमीचा वाहक असल्याने पिण्याचे पाणी फडक्याने गाळणे हा त्या रोगावरचा साधा आणि खरा उपाय ठरला. भारत 2000 साली नारूमुक्त घोषित झाला.

डेल्फ्टच्या आंतोनी व्हान लेव्हेनहूकने 1674मध्ये जवळच्या तळ्याचे पाणी स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिले. बरणीचे श्रेय मात्र आब्राम ट्राँब्लेकडे जाते. हेगजवळ एका सरदाराच्या मुलांना शिकवत असताना त्याने खिडकीत ठेवलेल्या बरण्यांतले हायड्रा उजेडाच्या बाजूला गोळा होतात हे टिपले. बरणी फिरवली, तर ते पुन्हा उजेडाकडे सरकत. 1740मध्ये त्याने हायड्रा कापून पाहिला आणि दोन्ही तुकड्यांचे पूर्ण प्राणी झाले.

उन्हाळ्यात पाणी आणायचे कुठून, ही अडचण खोटी आहे. आटलेल्या डबक्याच्या तळची भेगाळलेली माती आणून पाण्यात टाकावी. तिच्यातील सुप्त अंडी काही दिवसांत फुटतात. कोकणातल्या सड्यांवर पहिल्या पावसानंतर उथळ खळग्यांत उताणे पोहणारे, कोळंबीसारखे पारदर्शक जीव दिसतात, ते अशाच मातीतून आलेले असतात.