शुद्धीची पहिली पायरी

नारायण पेठेंत लोकमान्य टिळकांनीं १९०५ सालीं गायकवाड वाडा घेतला आणि ‘केसरी’चें बिऱ्हाड तेथें स्थिर झालें. वाचून झालेला अंक घरोघरीं घडी घालून रद्दींत जाई. रद्दीच्या तराजूचा नियम साधा होता: कोरड्या, निवडलेल्या कागदाला भाव; भिजलेल्या, मळलेल्या कागदाला नाहीं. आज त्याच पेठेंतून प्लॅस्टिकची बाटली बाहेर पडते, आणि तिला तर हा नियम अधिकच कडकपणें लागू पडतो.

या बाटलीचें द्रव्य ‘पेट’ या नांवानें ओळखलें जातें. १९४१ सालीं इंग्लंडांत विनफील्ड व डिक्सन यांनीं तें धाग्याकरितां शोधून काढलें. बाटलीचें पेटंट अमेरिकेंत १९७३ सालीं मिळालें. तें वितळवून पुन्हां घडवितां येतें. मात्र आधीं शुद्ध करावें लागतें. बाटल्यांचे तुकडे पाण्यांत टाकले, कीं पेट बुडतें व झांकणांचें प्लॅस्टिक तरंगतें. कढत क्षारद्रवानें लेबलांचा डिंक सुटतो. तुकड्यांत ओल राहिली, तर वितळतांना रेणूंच्या सांखळ्या तुटतात. म्हणून ते कसून वाळवितात. शेवटीं सुमारें २०० अंशांवर निर्वातांत कित्येक तास तापविल्यानें मुरलेलीं वासद्रव्यें निघून जातात व सांखळ्या पुन्हां लांबतात.

परंतु पी.व्ही.सी. नांवाचें दुसरें प्लॅस्टिकहि पाण्यांत बुडतें. त्याचा अल्प अंश राहिला, तरी तापतांना आम्ल सुटून सारा माल पिवळा पडतो. तें धुण्यानें वेगळें होत नाहीं. निवडूनच काढावें लागतें.

श्रोतेहो, पुण्यांत ही निवड मुख्यतः गरीब, बहुतांशीं दलित स्त्रियांच्या हातांनीं झाली. १९९३ सालीं त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखालीं उभी राहिली. तिच्या नांवांत प्लॅस्टिकचा उल्लेखहि नाहीं! पुढें महानगरपालिकेनें त्यांच्या ओळखपत्रांस मान्यता दिली, आणि २००८ सालच्या करारानें ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या या स्त्रिया मान्यताप्राप्त सेवक म्हणून दारोदार येऊं लागल्या.

कायदा मागाहून आला. पुनर्वापराच्या प्लॅस्टिकांत तयार खाद्यपेय भरण्यास २०१६ च्या नियमांनीं मनाई होती. २०२१ सालीं ती सशर्त सैल झाली. २०२२ च्या नियमांनीं तर कठीण वेष्टनांत २०२५-२६ सालापासून ३० टक्के पुनर्वापराचें प्लॅस्टिक असावें, असें ठरविलें. काल जो कचरा होता, तो असा कारखान्याचा कच्चा माल ठरला.

कारखान्याच्या हिशेबांत पाणी, क्षार व वीज यांचा खर्च मांडला जातो. ज्या हातांनीं पी.व्ही.सी. वेगळें काढलें, त्यांचा मोबदला मात्र बाटलीच्या वजनावर ठरतो. आणि खरकट्यांत बरबटलेली बाटली त्यांच्या पदरांत थोडेंच पैसे टाकते. त्यांच्या कष्टाचें योग्य मोल देणें हें बाजाराचें व सरकारचें काम खरें. पण बाटली रिकामी करून, विसळून, ओल्या कचऱ्यापासून निराळी ठेवणें हें आपल्या हातीं आहे. जुन्या रद्दीच्या घडीइतकेंच तें सोपें आहे.